रेषेने पेललेले वजन

पॅरिसच्या म्युझे द ओर्से या संग्रहालयात एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने १८६८ साली रंगवलेले एमिल झोला या कादंबरीकाराचे व्यक्तिचित्र आहे. झोला हातात उघडे पुस्तक धरून मेजापाशी बसला आहे आणि मेजाच्या वर, भिंतीवरच्या एका चौकटीत तीन चित्रे अडकवलेली आहेत. त्यांतील एक मानेच्याच वादग्रस्त 'ऑलिम्पिया'ची प्रतिकृती. दुसरे वेलास्केझ या स्पॅनिश चित्रकाराच्या मद्यपींच्या चित्रावरून केलेले. आणि तिसरे जपानी मुद्राचित्र. या तिसऱ्या चित्रात ओनारुतो नादाएमोन नावाचा, आवा प्रांताचा सुमो मल्ल उभा आहे. उतागावा कुनिआकी (दुसरा) या चित्रकाराने ते १८६० च्या सुमारास केले होते.

आधुनिक युरोपीय चित्रकलेच्या उगमापाशी एक जपानी पैलवान उभा असावा, हा निव्वळ योगायोग नव्हे. सुमो मल्लाचे चित्र हा जपानी कलेतील जुना आणि कठीण विषय आहे. तो कठीण अशासाठी की, जपानी चित्रकाराचे मुख्य साधन रेषा हे होते. छायाप्रकाशाच्या साहाय्याने शरीराला गोलाई देण्याची युरोपीय रीत त्याच्या परंपरेत नव्हती. दरबारी स्त्री असो, योद्धा असो वा नट, जपानी चित्रातील माणूस मुख्यतः त्याच्या वस्त्रांतून प्रकट होतो. घड्या, नक्षी, रंग आणि किमोनोचा घोळ यांतून चित्र उभे राहते. आतले शरीर जवळजवळ अदृश्यच असते. मल्लाच्या अंगावर मात्र लंगोटासारखा कमरबंद, म्हणजे 'मावाशी', सोडल्यास काहीच नसते. दीडशे किलोचा उघडा देह निव्वळ रेषेने कागदावर कसा तोलावा, या प्रश्नाची उत्तरे शोधण्यात चित्रकारांच्या कित्येक पिढ्या गेल्या.

मातीतले मल्ल

या विषयाची मुळे फार खोल आहेत. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांत जपानमध्ये सरदारांच्या थडग्यांच्या उंचवट्यांवर भाजलेल्या मातीच्या आकृती मांडत. त्यांना 'हानिवा' म्हणतात. घोडे, घरे आणि सैनिक यांच्याबरोबर त्यांत कमरबंद नेसलेले मल्लही सापडले आहेत.

'निहोन शोकी' या ७२० साली पूर्ण झालेल्या इतिहासग्रंथात सुमोची आद्यकथा येते. सम्राट सुइनिन याच्यासमोर नोमी नो सुकुने आणि ताइमा नो केहाया यांची झुंज झाली आणि तीत सुकुनेने प्रतिस्पर्ध्याला लाथांनी ठार केले, अशी ती कथा आहे. हाच सुकुने पुढे सुमोचा आद्यपुरुष मानला गेला. त्याच ग्रंथात त्याचे आणखी एक कार्य नोंदलेले आहे. सम्राज्ञीच्या मृत्यूनंतर तिच्या सेवकांना जिवंत पुरण्याऐवजी मातीच्या आकृती पुराव्यात, ही सूचना त्याचीच. इतिहास म्हणून ही कथा ग्राह्य धरता येत नाही. तरीही ज्याला सुमोचा जनक मानले, त्यालाच परंपरेने मातीच्या शिल्पांचे जनकत्वही द्यावे, ही गोष्ट बोलकी आहे. या जुन्या झुंजीचा मोह चित्रकारांना पुढेही सुटला नाही. योशितोशी या चित्रकाराने १८८० च्या दशकातही ती मुद्राचित्रात उतरवली.

क्योतोजवळच्या कोझान-जी मंदिराशी निगडित असलेल्या 'चोजू-गिगा' या प्राणिचित्रांच्या गुंडाळीत सुमोचे वेगळेच रूप दिसते. बाराव्या-तेराव्या शतकांतील या गुंडाळीच्या पहिल्या भागात बेडूक आणि ससा यांची कुस्ती रंगली आहे. बेडूक सशाचा कान चावतो आणि त्याला उताणा पाडतो. हे सारे काळ्या शाईच्या मोजक्या फटकाऱ्यांत आले आहे. एकही रंग नाही. जोर कुणाचा आणि तोल कुणाचा गेला, हे केवळ रेषेच्या वळणावरून कळते. सुमो चित्रांच्या पुढच्या साऱ्या वाटचालीचे बीज या विनोदी चित्रात सापडते.

धंदेवाईक सुमो, धंदेवाईक चित्रे

सतराव्या शतकाच्या आरंभीच्या पडदाचित्रांत सुमो दिसतो, पण त्यात आखाडा नसतो. प्रेक्षकच गोल करून उभे राहतात आणि मधल्या मोकळ्या जागेत मल्ल भिडतात. मातीचा चौथरा आणि त्यावर पेंढ्याच्या गाठोड्यांचे वर्तुळ, म्हणजे 'दोह्यो', ही रचना नंतरची. एदो म्हणजे आजच्या तोक्योमध्ये रस्त्यांवरच्या झुंजींतून मारामाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा तोकुगावा राजवटीने १६४८ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. १६८४ मध्ये मंदिरांसाठी निधी उभारण्याच्या निमित्ताने सुमोला पुन्हा परवानगी मिळाली. शिस्त, नियम आणि ठरलेली जागा यांची सक्ती झाल्याने सुमो हळूहळू संघटित, धंदेवाईक खेळ बनला. सुमिदा नदीपलीकडचे एकोइन हे मंदिर पुढे त्याचे मुख्य केंद्र झाले. १६५७ च्या भीषण आगीतील बेवारस मृतांसाठी ते स्थापन झाले होते. १८३३ पासून वर्षातून दोनदा तिथे नियमितपणे सामने भरत. उघड्यावरच्या तात्पुरत्या मांडवात निरभ्र हवेचे दहा दिवस खेळ चाले. पाऊस आला की दिवस पुढे ढकलला जाई.

याच काळात एदोमध्ये लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. १७६५ पासून अनेक ठशांनी अनेक रंग छापण्याचे तंत्र रूढ झाले. प्रकाशक विषय ठरवी, चित्रकार आराखडा काढी, एक कारागीर ठसे कोरी आणि दुसरा छापी. साध्या चित्राची किंमत सोबा शेवयांच्या एका वाटीइतकी असे. जशी नटांची आणि गणिकांची चित्रे खपत, तशीच मल्लांचीही खपतील, हे प्रकाशकांनी ओळखले.

तोवरची मल्लांची चित्रे ठरावीक साच्याची होती. तोरी घराण्याचे चित्रकार बलवान देहाचे पाय भोपळ्यासारखे फुगीर काढत आणि स्नायू गांडुळासारख्या वळवळत्या रेषांनी दाखवत. जपानी भाषेत त्या शैलीचे नावच मुळी तसे आहे. त्यात जोम होता. पण एक मल्ल दुसऱ्यापासून ओळखू येत नसे. कात्सुकावा शुन्शो (१७२६ ते १७९२) या चित्रकाराने हा साचा मोडला. नटांचे खरे चेहरे चित्रात आणण्यासाठी तो आधीच प्रसिद्ध होता. १७८० च्या दशकात त्याने आणि त्याच्या शुन्को, शुन्एइ या शिष्यांनी हीच दृष्टी मल्लांकडे वळवली.

काळही अनुकूल होता. तानिकाझे काजिनोसुके आणि ओनोगावा किसाबुरो यांची चुरस तेव्हा शिगेला पोहोचली होती. तानिकाझेने सलग ६३ लढती जिंकल्या होत्या आणि १७८२ मध्ये ओनोगावानेच ती मालिका खंडित केली. १७८९ मध्ये दोघांना एकाच वेळी पांढरा दोर कमरेला बांधून आखाड्यात उतरण्याचा 'योकोझुना' हा सन्मान मिळाला. तेव्हा ते पद नव्हते, केवळ विधीचा मान होता. १७९१ मध्ये शोगुन इएनारी याने एदोच्या गढीत सुमो पाहिला आणि खेळाला राजमान्यता मिळाली. तिसरा मोठा मल्ल राइदेन तामेएमोन. त्याची उंची सुमारे १९७ सेंटिमीटर आणि वजन सुमारे १६९ किलो होते. २१ वर्षांच्या कारकिर्दीत त्याने २५४ लढती जिंकल्या आणि केवळ १० गमावल्या. कात्सुकावा घराण्याच्या चित्रांमुळेच या तिघांचे चेहरे आज परिचित आहेत. तानिकाझेचे बारीक डोळे आणि शांत, रुंद चेहरा एकदा पाहिला की नाव न वाचताही दुसऱ्या चित्रात ओळखू येतो.

चित्र कसे वाचावे

सुमो चित्रांचे चार-पाच ठरलेले प्रकार आहेत. काहींत मल्ल एकटा, नक्षीदार झूल पुढे सोडून विधिपूर्वक आखाड्यात प्रवेश करताना दिसतो. या झुलीला 'केशो-मावाशी' म्हणतात. काहींत दोघे एकमेकांना भिडलेले असतात आणि शेजारी हातपंखा घेतलेला पंच असतो. काहींत मल्ल किमोनो घालून रस्त्याने चाललेला असतो आणि कमरेला तलवार असते. ही तलवार म्हणजे चित्रकाराची कल्पना नव्हे. मोठ्या मल्लांना सरदारांचा आश्रय असे. त्यांची गणना सामुराई सेवकांत होई आणि तलवार बाळगण्याचा अधिकार त्यांना त्यातून मिळे. चित्राच्या कोपऱ्यात मल्लाचे नाव आणि प्रांत कोरलेला असतो. ही नावे धारण केलेली असत. तानिकाझे म्हणजे दरीतला वारा, राइदेन म्हणजे मेघगर्जना आणि वीज. मानेच्या चित्रातील ओनारुतोचे नाव आवा प्रांताजवळच्या नारुतो सामुद्रधुनीतील प्रचंड भोवऱ्यांची आठवण देते.

वजनाचा प्रश्न मात्र नावांनी सुटत नाही. तो चित्रकारांनी तीन युक्त्यांनी सोडवला. पहिली, बाह्यरेषा. खांद्यावरून दंडाकडे उतरणारी रेषा कुठे जाड, कुठे बारीक करून त्यांनी मांसाचा भार सुचवला. पोटाच्या आतील एखादी छोटी वळी किंवा गुडघ्यामागची घडी एवढ्यावरच ते थांबत. दुसरी, रिकामी जागा. देहाचा मोठा भाग जवळजवळ कोऱ्या कागदाचाच राहतो. भिडलेल्या जोडीत पुष्कळदा एकाची कांती फिकट आणि दुसऱ्याची तांबूस ठेवतात, म्हणजे कुणाचा हात कुणाच्या पाठीवर आहे ते कळते. कोऱ्या कागदाच्या मध्यभागी मावाशीचा गडद पट्टा आला की देहाला गुरुत्वमध्य मिळतो. तिसरी युक्ती पायांत आहे. बोटे जमिनीत रुतल्यासारखी पसरलेली असतात. डाव कुणाचा लागला हे हातांत दिसते, पण तोल कुणाचा जाणार हे पायांत दिसते. उत्तम सुमो चित्रात निकालाच्या आधीचा क्षण पकडलेला असतो.

शाराकूपासून हिरोशिगेपर्यंत

अवघ्या दहा महिन्यांच्या कारकिर्दीत चित्रे करून नाहीसा झालेला शाराकू हा गूढ चित्रकारही या विषयाकडे वळला. १७९४ च्या अखेरीस त्याने दाइदोझान बुन्गोरो या बालमल्लाची चित्रे केली. सात वर्षांच्या वयात सुमारे ७० किलो वजन असलेला हा मुलगा एदोचे नवल ठरला होता. तो लढत नसे. झूल नेसून आखाड्यात प्रवेश करण्याचा विधी तेवढा करी. नटांचे चेहरे निर्दयपणे उघडे करणारा शाराकू इथे काहीसा मवाळ होतो. प्रौढ मल्लांच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या गुबगुबीत बालकाकडे पाहताना कौतुकाबरोबर अस्वस्थताही वाटते.

होकुसाई तरुणपणी शुन्शोच्याच हाताखाली 'शुन्रो' या नावाने शिकला आणि त्या काळात त्यानेही मल्लांची चित्रे केली. एकोणिसाव्या शतकात मात्र या क्षेत्रावर उतागावा कुनिसादाचे (१७८६ ते १८६५) राज्य होते. एकेका मल्लाच्या चित्रांबरोबरच त्याने तीन कागद जोडून मोठी दृश्येही रचली. मध्ये दोह्योवर झुली नेसलेल्या मल्लांचे कडे, वर छत आणि भोवती मजल्यामजल्यांवर दाटलेली गर्दी.

याच परंपरेतील सर्वांत अनपेक्षित चित्र हिरोशिगेचे आहे. 'एदोची शंभर प्रसिद्ध दृश्ये' या मालेतील १८५७ च्या एका चित्राचा विषय एकोइनचा परिसर आहे. पण त्यात एकही मल्ल नाही. लाकडी सोटे बांधून उभारलेला नगाऱ्याचा उंच मनोरा डावीकडे चित्राबाहेर झेपावतो, खाली नदी आणि दूरवर फुजी पर्वत. या मनोऱ्यावरचा नगारा सामन्यांची दवंडी देई. एदोच्या रहिवाशाला एवढी खूण पुरेशी होती.

चित्रांनी जपलेले, चित्रांनी वगळलेले

या चित्रांचे मोल केवळ कलेपुरते नाही. त्यांतील दोह्योवर चार खांबांनी तोललेले छत दिसते. १९५२ मध्ये प्रेक्षकांच्या दृष्टीआड येणारे हे खांब काढून टाकले गेले आणि छत वरून टांगले गेले. खांबांच्या जागी आता चार रंगांचे गोंडे लोंबतात. जुन्या चित्रांत वर्तुळेही दोन असतात, एकात एक. १९३१ मध्ये आतले वर्तुळ गेले आणि एकच ४.५५ मीटर व्यासाचे वर्तुळ राहिले. आतल्या वर्तुळात लढणाऱ्या जुन्या मल्लांना बाजूला सरायला किती कमी जागा होती, हे चित्रावरूनच उमगते.

चित्रांत काय नाही, हेही पाहण्यासारखे आहे. एकोइनच्या त्या अफाट गर्दीत स्त्रिया दिसत नाहीत. धंदेवाईक सुमोच्या प्रेक्षकांत त्यांना प्रवेश नव्हता. ही बंदी मेइजी राजवटीत, १८७० च्या दशकात उठली. मुद्राचित्र मात्र दुकानात कुणालाही विकत घेता येत होते. ज्यांना मांडवात पाऊल टाकता येत नव्हते त्यांच्यासाठी आवडत्या मल्लाचे दर्शन कागदावरच शक्य होते. खुद्द दोह्योवर स्त्रियांनी पाऊल ठेवू नये हा दंडक आजही पाळला जातो. २०१८ मध्ये माइझुरु येथे दोह्योवर कोसळलेल्या महापौरांवर प्रथमोपचार करण्यासाठी धावलेल्या स्त्रियांनाही खाली उतरण्यास सांगितले गेले. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि सुमो संघटनेला माफी मागावी लागली.

परक्यांच्या नजरेसमोर

१८५४ च्या मार्चमध्ये अमेरिकी आरमाराचा अधिकारी पेरी योकोहामाला आला, तेव्हा जपानी अधिकाऱ्यांनी मल्लांकरवी तांदळाची जड पोती भेट म्हणून उचलवून आणली आणि सुमोचे प्रदर्शनही घडवले. परक्या तोफांसमोर देशाचे बळ दाखवण्याचा तो प्रयत्न होता. पेरीच्या मोहिमेच्या अधिकृत वृत्तान्तात मात्र मल्लांची तुलना बैलांशी केली गेली. जपानी चित्रकारांनी या अवहेलनेला आपल्या परीने उत्तर दिले. १८६१ च्या योशिफुजीच्या एका मुद्राचित्रात जपानी मल्ल एका विदेशी माणसाला उचलून आपटताना दिसतो. जहाजे आणि तोफा यांच्या बाबतीत जे शक्य नव्हते, ते चित्रात शक्य झाले.

खरे संकट पुढेच होते. मेइजी राजवट १८६८ मध्ये आली आणि पाश्चात्त्य रीतींचे अनुकरण म्हणजे सुधारणा असे समीकरण झाले. उघड्या अंगाने वावरण्यावर निर्बंध आले. पुरुषांनी शेंडीचा बुचडा कापावा असे १८७१ पासून सुचवले जाऊ लागले. उघडे अंग आणि बुचडा यांशिवाय सुमो कसा राहणार? मल्लांना सवलत मिळाली, तरी सुमो रानटी आहे ही टीका थांबली नाही. १८८४ मध्ये सम्राट मेइजीने हामा राजवाड्यात सुमो पाहिला आणि वारे फिरले. या प्रसंगाची मुद्राचित्रे लगेच बाजारात आली. शंभर वर्षे मल्लाला तोलदार, शांत आणि प्रतिष्ठित रूपात पाहण्याची सवय चित्रांनी लोकांच्या डोळ्यांना लावली होती. म्हणूनच पोट सुटलेल्या उघड्या माणसाला सम्राटासमोर उभे पाहणे त्यांना विसंगत वाटले नसावे.

युरोपात याच्या उलट घडले. तिथल्या चित्रकारांना मल्ल कोण, हे ठाऊक नव्हते. त्यांना भुरळ पडली ती रेषेची. सावलीविना सपाट रंग आणि ठाम कडा यांतून देह उभा राहू शकतो, हे त्यांना नवे होते. मानेच्या 'ऑलिम्पिया'वर सपाटपणाचा आरोप झाला होता आणि झोलाच्या भिंतीवर तिच्या शेजारीच जपानी मल्ल आहे. मानेने जणू आपला साक्षीदारच तिथे उभा केला. २०१७ मध्ये तोक्योच्या राष्ट्रीय पाश्चात्त्य कला संग्रहालयाने होकुसाईच्या 'मांगा' या रेखाटनसंग्रहातील कमरेवर हात ठेवलेला पाठमोरा मल्ल आणि देगास याची तशाच ढंगात उभी असलेली नर्तकी शेजारी शेजारी मांडली. एक अवजड, दुसरी सडपातळ. देह पेलण्याची रीत एकच.

जपानमध्ये छायाचित्रे आणि वृत्तपत्रे आली, तशी मुद्राचित्रांची बाजारपेठ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आटत गेली. मल्लाचा चेहरा दाखवण्याचे काम कॅमेरा अधिक स्वस्तात करू लागला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किनोशिता दाइमोन यांनी लाकडी ठशांची जुनी पद्धत वापरून समकालीन मल्लांची चित्रे काढण्यास आरंभ केला. पण लोकांच्या घराघरांत जाणारे माध्यम म्हणून ती कला परतली नाही. जुन्या चित्रांचा मोठा ठेवा आज रयोगोकु येथील सुमो संग्रहालयात आहे. ते १९५४ मध्ये स्थापन झाले आणि १९८५ पासून राष्ट्रीय सुमोगृहाच्या इमारतीत आहे. एकोइन मंदिर तिथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

या संग्रहालयात एखादे जुने चित्र पाहून कुणी शेजारच्या सुमोगृहात लढत पाहिली, तर एक गोष्ट त्याच्या ध्यानात येईल. बहुतेक लढती काही सेकंदांतच संपतात. कोण कसा पडला, हे नीट दिसतही नाही. शुन्शो आणि त्याच्या शिष्यांना ना संथ गतीचे चित्रण उपलब्ध होते, ना क्षण गोठवणारा कॅमेरा. त्यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिले, लक्षात ठेवले आणि रेषेत उतरवले. त्या निरीक्षणाच्या बळावरच तानिकाझे आणि ओनोगावा सव्वादोनशे वर्षांनंतरही त्या कागदावर एकमेकांना भिडलेले आहेत, आणि तोल अजून कुणाचाच गेलेला नाही.